आवक-जावक

नागपूरच्या विमानतळावर जायची गाडी दारात उभी राहिली, तसे जानराव खांद्यावर टॉवेल टाकून पुढे झाले. उभा जन्म अकोल्याच्या गोदामात हमाली केलेला माणूस. लेकीच्या बॅगा दुसऱ्याला कशाला उचलू देईल? ड्रायव्हर नितेश डिक्की उघडून मदतीला आला, तर त्याला त्यांनी नजरेनेच बाजूला केलं.

अपेक्षा कॅनडाला निघाली होती. बापाच्याच गोदामात ती आलेला माल मोजून घ्यायची, जाणारा रवाना करायची. तिकडच्या एका गोदामाला नेमकं हेच काम येणारं माणूस हवं होतं. काही वर्षं नीट काम केलं की तिथंच कायमचं राहता येतं म्हणे, असं तिची आई जाईबाई शेजारणींना कौतुकाने सांगत होत्या. ते 'कायमचं' जानरावांच्या काळजात रुतून बसलं होतं. पोरगी परत यावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण तिच्या आनंदात मिठाचा खडा कोण टाकणार?

त्यांच्या गोदामात मोजायची एक रीत होती. आत येणाऱ्या मालाचा पहिला नग 'लाभ' म्हणून घ्यायचा, मग दोन, तीन. बाहेर जाणाऱ्या मालाला मात्र सरळ 'एक'. लाभ दारातून आत यावा, बाहेर जाऊ नये, म्हणून. अपेक्षाला हे बापानेच शिकवलं होतं आणि ते तिच्या चांगलं अंगवळणी पडलं होतं. मुलाखतीत कॅनडावाल्या मॅडमनी व्हिडिओवर माल उतरवून दाखवायला सांगितला, तर पठ्ठी पहिल्याच खोक्याला 'लाभ' म्हणून मोकळी झाली. हे काय, म्हणून मॅडमनी विचारलं, हिने समजावून सांगितलं, आणि नशीब बलवत्तर म्हणून त्या हसल्या. घरी हा किस्सा ऐकून जानरावही पोट धरून हसले होते.

आज मात्र त्यांना हसू येत नव्हतं. सगळ्यात मोठी बॅग त्यांनी उचलली, डिक्कीत नीट बसवली आणि तिच्यावर हात ठेवून म्हणाले, "लाभ."

अपेक्षाने वळून पाहिलं.

"बाबा, चुकले तुमी. हा तर जाणारा माल होय न."

जानरावांनी दुसरी बॅग उचलली.

"इतक्या वर्षांत कधी चुकलो नाई, पोरी. आज काहून चुकीन?" बॅग पहिलीला टेकवून ठेवत ते म्हणाले, "दोन."

जाईबाईंनी पदर तोंडाशी नेला. अपेक्षाने खांद्यावरची पिशवी काढली. ती खरं तर जवळ ठेवायची होती. डिक्कीपाशी येऊन तिने ती बापाच्या हातात दिली.

"तीन," ती म्हणाली.