हणमंताच्या दंडावरची पट्टी

हणमंताच्या मुलीचं, शलाकाचं लग्न झालं, त्या साली म्हाताऱ्यांच्या दंडावर दवाखान्याची पट्टी असे. औषध बाधलं किंवा रक्तात जंतू पसरले, की ती कळवायची आणि गाडी दारात यायची.

हळदीला भागाबाईंना हुडहुडी भरली.

"आई, आज गाडी आली तर व्याही लग्न पुढं ढकलतील," म्हणत हणमंतानं तिची पट्टी सोडून आपल्या दंडाला बांधली.

"बांध बाबा. नातीच्या डोक्यावर अक्षता टाकू दे."

अक्षता पडल्यावर पट्टी परत आईच्या दंडाला बांधली. गाडी आली.

"पट्टीच्या नोंदीत कालपर्यंत रक्त स्वच्छ होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतू असे एकाएकी पसरत नाहीत. म्हणजे परवा दिलेली नवी गोळी बाधलीय." त्यांनी त्यावर उतारा सुरू केला.

शेजारी व्याही उभे होते. हणमंतानं मान खाली घातली.

व्याही गेल्यावर त्यानं डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. जंतूंवरचं औषध लागू पडायच्या आत, पाठवणीच्याच रात्री भागाबाई वारल्या.