एक उताणी, एक पालथी

आईच्या वर्षश्राद्धाला पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर शेवया, डुकराचं मटण मांडून मावशीने कौल लावायच्या दोन लाकडी चंद्रकोरी तेक-ग्वानच्या हातात कोंबल्या. “फेक अन् विचार, ‘आई, जेवलीस का?’ एक उताणी, एक पालथी पडली की ‘हो’. तोवर आपण उपाशी.” “मावशी, मेलेली माणसं जेवत नसतात.” “तेही तिलाच विचार, शहाण्या!” आईच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेल्या त्या चंद्रकोरी त्याने फेकल्या. “आई, तू कुठेच नाहीस. खरं ना?” एक उताणी, एक पालथी. हो. “योगायोग!” म्हणत त्याने पुन्हा फेकल्या. हो. तिसऱ्यांदाही हो. “बघ, जिंकलो!” मावशी देव्हाऱ्याकडेच बघत होती. “अरे, मग ‘हो’ कोण म्हणतंय?” देवावरून वाद पेटला की आई असंच पडतं घ्यायची, त्याच्यापुढे वाटी सरकवत: “हो रे बाबा, हो, हो. तुझंच खरं. आता जेव.”