एका धुराड्याचं घर

“माननीय बिशपसाहेब, या गावाला आता माझी गरज उरलेली नाही.” पाद्री थर्लबींनी मोठ्यानं वाचलं आणि पुन्हा फेऱ्या मारायला सुरुवात केली. लिहिलेलं काहीही अभ्यासिकेत येरझारा घालत वाचून पाहायचं, ही त्यांची जुनी खोड. दर शनिवारी दुपारी त्यांच्या हातात उद्याचं प्रवचन असे. आज राजीनामा होता.

त्यांचं दुःख खरं होतं. रविवारी ते बोलायला उभे राहिले की पहिल्या वाक्याला लोहाराची मान खाली जाई, दुसऱ्याला शाळामास्तरांची. तिसऱ्याला मिस पिम घोरू लागत; तेही सुरात. सहा वर्षं हेच चाललं होतं.

इंग्लंडातल्या लिंकनशरमधलं त्यांचं पाद्रीनिवास मोठं गमतीचं होतं. समोरून दगडी, टापटीप, खिडक्या कशा रांगेत उभ्या. मागची बाजू मात्र जुनी, बुटकी, वाकड्या तुळयांची. तिथे पूर्वी एकच लांबरुंद दालन होतं आणि मधोमध शेकोटी. पुढे कुणा पाद्र्याला भांड्यांचा खडखडाट सोसेना, म्हणून त्यानं बरोबर मध्ये भिंत घातली. एका शेकोटीच्या दोन झाल्या, पाठीला पाठ लावलेल्या. इकडे अभ्यासिका, तिकडे स्वयंपाकघर. धुराडं तेवढं दोघींत एकच राहिलं. भिंतीचा गुण म्हणा, शनिवारी पलीकडे चमचाही वाजलेला ऐकू येत नसे.

“देवानं मला वाणी दिली, पण ऐकणारे कान दिले नाहीत,” थर्लबींनी पुढे वाचलं, आणि त्यांना राहवेना. मनाला काही लागलं की ते गाऊ लागत. अर्थात एकटे असताना. चारचौघांत कागदावरून नजर उचलायचीही त्यांची छाती नव्हती. डोळे मिटून त्यांनी एका जुन्या स्तोत्राच्या दोन ओळी आळवल्या.

शेकोटीतून हुंदका आला. मागोमाग कुणीतरी कुणाला तरी दटावलं, “श्शू!”

थर्लबी तरातरा वळसा घालून गेले आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार उघडलं. विस्तवापुढे अर्धं गाव बसलं होतं. लोहार उपड्या बादलीवर. शाळामास्तर बटाट्यांच्या पोत्यावर. मिस पिमना मानाची खुर्ची. विणकाम मांडीवर, डोळे लालभडक.

स्वयंपाकीण मिसेस गॉस ॲप्रनला हात पुसत पुढे आल्या. “आजचं काही पटलं नाही हं, पाद्रीबाबा. गाणं झकास. शेवट तेवढा बदला.”

“तुम्ही सगळे… दर शनिवारी?”

“मग काय! इथं तुम्ही कसे रंगून बोलता! चर्चमध्ये नुसतं वाचून दाखवता.”

“म्हणून तिथं झोपता?”

लोहारानं उठून अदबीनं टोपी काढली.

“एकच प्रवचन दोन-दोनदा कोण जागून ऐकेल, पाद्रीबाबा?”