चारचे ठोके

चार वाजले आणि पडद्यावरची रेघ तीनदा उसळली. ती गालातल्या गालात हसली.

"काय ते?" मागून साहेबांनी विचारलं.

"स्थानिक हालचाल, साहेब. रोजचंच." नोंदीत तेच दोन शब्द टाकून तिने ते ठोके वगळले.

"एरवी मुंगी चालली तरी तिचं गाव विचारता तुम्ही!"

"ही मुंगी ओळखीची आहे."

कचेरीत तिला सगळे 'कान' म्हणत. जमिनीखालून आलेली थरथर भूकंपाची, खाणीतल्या सुरुंगाची, की कुणी चोरून केलेल्या अणुस्फोटाची, हे ती रेघेवरून सांगे. वीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. अणुचाचण्या बंद करण्याच्या करारावर देशांनी सह्या ठोकल्या खऱ्या, पण त्या सह्या पाळल्या जातात का, हे ऐकत बसायला असे कान लागतात.

आज त्या कानाचा कस लागणार होता. डोंगरापलीकडच्या देशात महिनाभर बोगदा खणला जात होता. आज तिथे गुपचूप चाचणी होणार, अशी कुणकुण होती. तपासनिसांचं पथक सीमेवर खोळंबलं होतं. सहा वाजता टीव्हीसमोर अहवाल वाचायचा होता तिनेच. ती 'हो' म्हणाली तर पथक आत शिरणार, 'नाही' म्हणाली तर माघारी फिरणार.

त्या बाजूची बारीक कुजबुज एकाच केंद्राला ऐकू जायची, टेकडीवरच्या. आणि त्या केंद्राचे राखणदार होते तिचे बाबा. यंत्राजवळ ते अनवाणी चालायचे, शिंकसुद्धा दाबून ठेवायचे. आई गेल्यावर टेकडीवर ते एकटेच उरले. तिथे फोन लागत नव्हता.

"बाबा, तुम्ही बरे आहात हे मला कळायचं कसं?" ती रडवेली झाली होती.

"अगं, तुझी ती रेघ माझ्या दारातूनच निघते की!"

तेव्हापासून रोज चारच्या ठोक्याला यंत्राच्या ओट्याशी ते तीनदा पाय आपटायचे. एक, मी आहे. दोन, मी बरा आहे. तीन, मी जेवलो आहे.

नियमात न बसणारं होतं हे. टेकडीची रेघ जगभरच्या कचेऱ्यांत दिसायची, अगदी डोंगरापलीकडेसुद्धा. चारचे ठोके आणि त्यांच्यापुढची तिची नोंद सगळेच बघत आले होते. पण सात वर्षांत कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

आजचे ठोके जरा जड होते. जरा लांबलेले. गुडघे धरले असतील, तिला वाटलं. नाहीतर लेक आज साऱ्या जगापुढे उभी राहणार, म्हणून म्हातारा जोरात आला असेल!

सहाला ती दिव्यांच्या झोतात उभी राहिली. आवाज जराही कापला नाही. "आज दिवसभरात एकाही केंद्रावर स्फोटाची खूण आढळलेली नाही." खाली सही केली, वळणदार, आईने शिकवली तशी.

टाळ्या झाल्या. सीमेवर निरोप गेला, पथकाच्या गाड्या माघारी वळल्या. "तुमच्या एका शब्दावर, ताई!" म्हणताना साहेबांचे डोळे भरून आले. तिचाही ऊर भरून आला. हे बघायला बाबा हवे होते.

तेवढ्यात फोन वाजला. मामाच्या घरून होता.

"पाहिलं गं तुला!" बाबांचा आवाज नुसता उतू जात होता. "अख्खी आळी गोळा केली मामाने. मी म्हटलं, नीट बघा, ती माझी लेक आहे!"

"बाबा? तुम्ही मामाकडे?"

"मग! टेकडीवर कुठला टीव्ही? सकाळच्या पहिल्या गाडीनेच खाली उतरलो. फाटकाला कुलूप ठोकलंय, तिकडे चिटपाखरू नाही आज." मग आवाज जरासा ओशाळला. "चारचे ठोके तेवढे राहिले बघ, पोरी. काळजीत तर नव्हतीस ना?"