उपडा कप

माहेरून निघायची वेळ झाली की तिच्या गाडीच्या मागच्या चाकात हवा नसायची. उद्योग बाबांचा. हवा सोडायची, व्हॉल्व्हचं टोपण आपल्या कान तुटलेल्या कपाखाली लपवायचं आणि साळसूदपणे म्हणायचं, "आता उद्याच नीघ. चहा टाकतेस?"

बाबा गेले. घर आवरायला ती येत राहिली, आणि दर वेळी निघताना चाक बसलेलंच. पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून बुडवून वैतागला.

"ताई, एक बुडबुडा येईल तर शपथ! कुणीतरी मुद्दाम हवा सोडतंय."

"सोडणारे तर गेले हो," ती हसली, आणि मग तिलाच भरून आलं.

शेवटी घर विकलं. तो कप तिने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकला. त्या दिवशी चाक टणक होतं. रस्ताभर तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या घरून ऑफिसला निघाली, तर चाक जमिनीला टेकलेलं. टोपण गायब.

ती जिना चढून परत आली. आपणच लावलेलं कुलूप उघडलं.

ओट्यावर कान तुटलेला कप उपडा होता. नुकताच विसळल्यासारखा ओला.

तिने तो उचलून पाहिला नाही. निमूटपणे चहाचं आधण ठेवलं. दोघांचं.