अर्धा मिनिट मागे

बिडाच्या भांड्यात फोन पुन्हा गुरगुरला. ग्रेडीने झाकण उचललं, हॉलिसचं नाव बघितलं आणि झाकण परत घातलं.

"उचल ना रे," स्वयंपाकघरातून त्याची बायको व्हर्ना म्हणाली. "आजारी भाऊ आहे तुझा."

"आजारी असला म्हणून काय, खोड गेलेली नाही त्याची. मॅच संपली की मीच करतो."

दर नोव्हेंबरात एका शनिवारी अलाबामाची दोन विद्यापीठं अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर भिडत आणि घराघरांत भांडणं लागत. ग्रेडी लाल संघाचा, त्याचा थोरला भाऊ हॉलिस निळ्यांचा. निळ्यांनी टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मारले, की हॉलिसचा फोन आलाच म्हणून समजावं. "बघितलंस का रे, गाढवा?" एवढंच बोलून तो फोन ठेवून द्यायचा. लाल जिंकायला लागले की ग्रेडी तेच करायचा. दोघांची लग्नं झाली, नातवंडं झाली, डोक्यावरचे केस गेले, तरी यात खंड पडला नाही.

मग केबलचं बिल परवडेना म्हणून ग्रेडीने केबल काढून टाकली आणि मॅच इंटरनेटवर बघायला लागला. स्वस्तात काम झालं, पण चित्र अर्धा मिनिट मागे यायचं. हॉलिसकडे केबल होती. इकडे ग्रेडीच्या टीव्हीवर खेळाडू अजून रांगेत उभे असायचे आणि तिकडून फोन यायचा. "बघितलंस का रे, गाढवा?" ग्रेडीने अजून काहीच बघितलेलं नसायचं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तेव्हापासून मॅचच्या दिवशी फोन बिडाच्या भांड्यात जाऊ लागला. बंद मात्र तो कधी करायचा नाही. बंद केला तर हॉलिस तिकडे किती जळतोय, हे कळायचं कसं?

यंदा हॉलिस गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात होता. फुप्फुसं गेली होती. पुढच्या वर्षीची मॅच त्याला दिसणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यावर बोलणं दोघांनाही जमत नव्हतं. परवा ग्रेडी भेटायला गेला, तेव्हा खाटेसमोरच्या टीव्हीकडे बोट दाखवून हॉलिस धापा टाकत म्हणाला होता, "इथेही केबल आहे बरं का. सांभाळून राहा. आणि शनिवारी इकडे येऊन बसू नकोस. तुझं रडकं तोंड बघत मला मॅच बघायची नाही."

म्हणून ग्रेडी गेला नव्हता. घरीच मांडीवर उकडलेल्या शेंगांचा वाडगा घेऊन, लाल टोपी घालून बसला होता. हॉलिसबरोबरची ही शेवटची मॅच त्याला स्वतःच्या डोळ्यांनी, आधी कुणी न फोडता बघायची होती.

फोन वाजला. निळ्यांनी मारला वाटतं. तो श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिला. अर्धा मिनिट गेला, एक गेला. काहीच झालं नाही. निळ्यांच्या हातून चेंडूच गेला.

"नुसता छळतोय म्हातारा," तो म्हणाला.

"त्याला काही हवं असेल," व्हर्ना दारात येऊन उभी राहिली होती.

"माझी फजिती हवी असेल त्याला. दुसरं काय?"

तिसऱ्या क्वार्टरमध्ये लाल पुढे गेले आणि मागे आलेच नाहीत. फोन मधून मधून वाजत होता. प्रत्येक वेळी ग्रेडी दचकायचा आणि प्रत्येक वेळी पडद्यावर काहीच घडायचं नाही. शेवटी एकदा तो फार वेळ वाजला आणि मग गप्प झाला. हरला की असाच गप्प होतो, ग्रेडीला वाटलं. त्याला मनापासून आनंद झाला.

मॅच संपली. लाल जिंकले. ग्रेडीने झाकण काढलं, घसा साफ केला आणि हॉलिसला फोन लावला. पलीकडून आवाज यायच्या आतच तो ओरडला, "बघितलंस का रे, गाढवा?"

पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"तुम्ही ग्रेडी का? मी इथली नर्स. मघाचा शेवटचा फोन माझा होता. हॉलिस गेले हो. शांतपणे गेले."

ग्रेडी खाली बसला. शेंगा जमिनीवर सांडल्या. त्याच्या तोंडातून भलतंच निघालं.

"मॅच... मॅच बघत होता का तो?"

"कुठली मॅच हो! आमच्या केबलवर तो चॅनेल सकाळपासून बंद आहे. पैशांवरून भांडलेत म्हणे केबलवाले आणि चॅनेलवाले. इंटरनेटवर लावायला मला जमलं नाही. म्हणून तर हॉलिस तुम्हाला सारखा फोन करत होते. म्हणायचे, ग्रेडीकडे दिसतंय, तो सांगेल मला काय चाललंय."

पडद्यावर लाल टोप्या हवेत उडत होत्या. व्हर्नाने पुढे होऊन टीव्हीचा आवाज बंद केला.

"शेवटी मलाच राहवेना," नर्स म्हणाली. "मी म्हटलं, भाऊ कामात असतील तुमचे. तर हसले. म्हणाले, 'कामात कसला! तो जिंकत असता तर गाढवाने पहिल्या रिंगला उचलला असता. उचलत नाहीये, म्हणजे आपण जिंकतोय.'"