सहासष्ट टक्के

रंगांसाठी सॉल्व्हंट बनवणाऱ्या कारखान्यात नव्या मॅनेजरसाहेबांनी आल्या आल्या जुना पातळ कॅटलिस्ट मोडीत काढला आणि दाणेदार मागवला. चाचणीत तासाभराने जुन्याच्या भांड्यात चाळीस टक्के माल तयार होता, नव्याच्या भांड्यात सहासष्ट. मग काय विचारता! साहेबांच्या गळ्यात हार पडले, फोटो निघाले आणि 'दीडपट उत्पादन' असा फलक गेटवर चढला.

बावीस वर्षं लॅब सांभाळणाऱ्या केमिस्टबाई तेवढ्या हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"साहेब, कॅटलिस्ट पातळ असो की दाणेदार, तो नुसती घाई करतो. माल शेवटी जेवढा व्हायचा तेवढाच होतो. आणि आपली बॅच तर दिवसभर चालते."

"बाई, तुमच्यासारख्या रडक्या लोकांमुळेच कारखाना मागे पडला. उद्यापासून तुम्ही गोडाउनला बसा."

बाईंनी दोन्ही भांडी तशीच चालू ठेवली आणि संध्याकाळी साहेबांना बोलावून आकडे पुढे धरले. नव्याचे सहासष्ट. जुन्याचेही सहासष्ट.

साहेबांनी चष्मा पुसून आकडे पुन्हा वाचले. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"चूक झाली खरी," ते हळूच म्हणाले.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी साहेब चूक कबूल करत होता. बाईंना भरून आलं.



"गोडाउनला जाण्याआधी तेवढी पाटी लावून जा: एक तासानंतर रीडिंग घेण्यास सक्त मनाई आहे."